भिंत आषाढासाठी, बाग पौषासाठी

उतारावरच्या बागेची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. पावसाळ्यात तेरडा, नेचे आणि गवत मिळून सगळे झाकून टाकतात. भिंत ओबडधोबड असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मार्गशीर्ष लागला की गवत पिवळे पडते, पानगळीची झाडे उघडी होतात आणि जमिनीचा कल, तो अडवणाऱ्या भिंती, पायऱ्या आणि खोडे एवढेच डोळ्यांपुढे उरते. सपाट बागेत हे उघडेपण फारसे बोचत नाही. उतारावर मात्र सगळी बाग भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखी समोर उभी असते, त्यामुळे तिच्यातले बरेवाईट काहीच लपत नाही.

लोणावळा, मुळशी, पाचगणी, आंबोली या पट्ट्यात उतारावर घरे बांधणारे वाढले आहेत. घराचा नकाशा वास्तुविशारद काढतो, भिंतीची उंची कंत्राटदार ठरवतो आणि बागेचा विचार भिंतीचे काँक्रीट सुकल्यावर सुरू होतो. हा क्रम मला मुळातच चुकीचा वाटतो. भिंत आषाढाच्या पावसासाठी बांधायची आणि बाग पौषातल्या उन्हासाठी लावायची, हे खरे. पण दोन्हींचा निर्णय एकाच बैठकीत, एकाच कागदावर व्हायला हवा. या प्रश्नावर युरोपात शंभराहून अधिक वर्षे विचार झाला आहे. त्यातले काय आपल्या उपयोगाचे, काय नाही आणि सह्याद्रीत कुठून सुरुवात करावी, ते पाहू.

आधी भिंत. मागची माती भिंतीला किती रेटते याचे गणित शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७७६ मध्ये छापलेल्या निबंधात मांडले आणि १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम रँकिन यांनी ते सोपे केले. बाग करणाऱ्याने त्यातली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. साधारण मुरमाड माती धरली, तर एक मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ३०० किलोचा रेटा येतो. भिंत दोन मीटरची केली की तोच १,२०० किलोच्या घरात जातो. आणि हे झाले कोरड्या मातीचे. त्याच दोन मीटर भिंतीमागे पाणी वरपर्यंत तुंबले, तर माती आणि पाणी मिळून रेटा अडीच टनांच्या पुढे जातो. आपल्याकडे भिंती पडतात त्या या पाण्याने. २०१९ च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात, मध्यरात्री, टेकडीवरची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली. बागेची भिंत त्या मानाने लहान असते, पण खाली कुणाचे अंगण असते, कुणाची मुले खेळत असतात.

म्हणून भिंतीमागे निदान एक फूट रुंदीचा खडीचा थर, खडीत माती शिरू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड, तळाशी भोके असलेला पाइप आणि भिंतीतून दर मीटर-दीड मीटरवर बाहेरच्या बाजूला कललेली, पाणी सोडणारी भोके म्हणजे वीप होल ठेवलीच पाहिजेत. भिंतीच्या वरच्या अंगाला एक उथळ चर काढून डोंगरावरून येणारे पाणी बाजूला वळवावे, म्हणजे ते भिंतीमागे शिरणारच नाही. खर्च वाचवताना पहिली कात्री याच गोष्टींना लागते, कारण काम संपल्यावर यांतले काहीच दिसत नाही. भरावाला काळी माती तर कधीच वापरू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि दरवर्षी भिंतीला थोडे थोडे पुढे ढकलते.

उंच एक भिंत की बुटक्या तीन? माझे मत ठामपणे बुटक्या भिंतींच्या बाजूने आहे. गणित त्यांच्या बाजूचे आहेच. शिवाय हिवाळ्याच्या बागेला टप्पे लागतात. सव्वादोन मीटरच्या सलग भिंतीसमोर उभे राहिले की फक्त भिंतच दिसते. पाऊण मीटरच्या तीन भिंती केल्या, तर एक टप्पा गुडघ्याशी, दुसरा छातीशी आणि तिसरा डोळ्यांच्या वर येतो, आणि प्रत्येकावरचे झाड वेगळ्या कोनातून दिसते. यात एक अट पाळावी लागते. वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मागे हवी, नाहीतर वरचीचे ओझे खालचीवर येते आणि तीन बुटक्या भिंती मिळून एका उंच भिंतीसारख्याच वागू लागतात. जागा अपुरी असेल तर एखादा टप्पा कमी करावा, अंतर कमी करू नये.

भिंत कशाची, यावर मतभेद आहेत. बांधकामवाल्यांना सिमेंट-काँक्रीट हवे असते. दोन मीटरच्या वर किंवा घराचा पाया जवळ असेल तर ते योग्यच आहे, आणि त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारण्यावाचून गत्यंतर नाही. जाळीत दगड भरलेली गॅबियन भिंत पाणी सहज सोडते, घाटरस्त्यांवर ती उत्तम काम देते; घराजवळ मला ती रुक्ष वाटते. एक मीटरपर्यंतच्या बागेच्या भिंतीसाठी सिमेंटविना रचलेल्या दगडाला तोड नाही. तिच्या प्रत्येक सांध्यातून पाणी निघते, जमीन थोडी हलली तर ती फुटण्याऐवजी जराशी बसते, आणि सांध्यात झाडे जगतात. पाया उंचीच्या निम्म्याहून कमी रुंद नको, दर मीटर उंचीमागे पंधरा-वीस सेंटीमीटर डोंगराकडे कल हवा आणि ठरावीक अंतरावर आत खोलवर जाणारे लांब दगड हवेत. डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी असलेल्या भारतीय मानकाचा, आयएस १४४५८ चा, एक संपूर्ण भाग अशा सुक्या दगडी भिंतींनाच दिलेला आहे. सिमेंटशिवाय भिंत म्हणजे गावंढळ काम, असे मानणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

ही विद्या आपल्या मातीत जुनी आहे. मावळातल्या आणि साताऱ्याकडच्या डोंगरातल्या शेतांच्या ताली, कोकणातले गडगे, गोव्यातल्या कुळागरांत चिऱ्याच्या बांधांवर उतरत गेलेले पोफळीचे टप्पे ही सगळी उतार अडवण्याचीच कामे. २०१८ मध्ये युनेस्कोने आठ युरोपीय देशांतली कोरड्या दगडरचनेची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे ताल रचणारे हात अजून आहेत, पण त्यांना काम मिळते ते शेताच्या बांधावर. बंगल्याच्या फाटकाआत त्यांना कुणी बोलवत नाही.

आता हिवाळा. बागेत हिवाळ्यासाठी मुद्दाम काही लावावे, हा विचार थंड देशांत का रुजला हे समजण्याजोगे आहे. उत्तर वेल्समध्ये कॉन्वी नदीच्या खोऱ्यात बॉडनंट नावाची बाग आहे. डोंगराच्या उतारावर १९०४ ते १९१४ या दशकात मोठाल्या दगडी भिंती बांधून तिथे पाच टप्पे केले, समोर स्नोडोनियाचे डोंगर. २०१२ मध्ये त्याच बागेत खास हिवाळ्याची बाग लोकांसाठी खुली झाली. डिसेंबरात तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा-चौदा अंश वर येतो. दोन मीटर भिंतीची सावली आठ मीटरांहून लांब पडते. अशा प्रकाशात फुलांपेक्षा साली आणि फांद्या जास्त चमकतात. म्हणून तिकडचे माळी लाल फांद्यांची डॉगवूड, पांढऱ्या सालीची बर्च आणि तांबूस सालीची तिबेटी चेरी अशा जागी लावतात, की तिरपे ऊन त्यांच्या मागून किंवा बाजूने यावे.

उतार आणि भिंत यांचा त्यांनी केलेला आणखी एक उपयोग मला फार आवडतो. स्नोड्रॉप आणि हेलेबोर ही त्यांची हिवाळी फुले मान खाली घालून उमलतात. सपाट वाफ्यात ती पाहायला गुडघे टेकावे लागतात. भिंतीच्या माथ्यावर लावली की त्यांचे तोंड थेट आपल्या डोळ्यांसमोर येते. रॉबर्ट फॉर्च्युनने १८४४ मध्ये चीनमधून इंग्लंडला नेलेली पिवळी हिवाळी जाई भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडतात. पाने नसलेल्या हिरव्या काड्यांवर ती ऐन थंडीत फुलते. गर्ट्रूड जीकल यांनी १९०१ मध्ये भिंतींच्या आणि पाण्याच्या बागांवर पुस्तक लिहिले. कोरड्या भिंतीत झाड लावायचे तर ते रचाई चालू असतानाच, दगडांच्या थरात मुळे पसरून लावावे, ही रीत त्यांनी लोकप्रिय केली. भिंत पूर्ण झाल्यावर फटीत रोप कोंबले, तर त्याची मुळे मागच्या मातीपर्यंत पोचत नाहीत. हा सल्ला सह्याद्रीतही अक्षरशः लागू पडतो.

या इंग्रजी हिवाळ्याचा कणा मात्र बराचसा आपल्या हिमालयातून गेलेला आहे, आणि हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. ज्या पांढऱ्याशुभ्र बर्चशिवाय तिकडची हिवाळी बाग पुरी होत नाही, ती म्हणजे आपले भूर्जपत्राचे झाड. तिच्या सर्वांत गोऱ्या प्रकाराला व्हिक्टर जॅकमाँ या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाचे नाव आहे. काश्मीर-हिमालय पालथा घालून तो दख्खनला आला आणि १८३२ च्या डिसेंबरात मुंबईत वारला, तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता. नेपाळात जिच्या सालीपासून लोक्ता कागद करतात ती सुगंधी डॅफ्ने, थंडीत गोड वासाची बारीक पांढरी फुले देणारे सार्कोकोका, आणि खुद्द बॉडनंटमध्ये १९३० च्या दशकात संकर करून तयार झालेल्या गुलाबी व्हायबर्नमचा एक पालक, ही सगळी हिमालयाची झाडे. शिमला, मसुरी, दार्जिलिंगकडे उतारावर बाग करणाऱ्याला ती दाराशीच आहेत. सह्याद्रीत ती जगणार नाहीत. तो अट्टाहास नको. घ्यायची ती त्यांची नजर : साल, सांगाडा, तिरपे ऊन आणि वाळलेले गवत यांतही सौंदर्य बघण्याची.

उन्हाचे आपले हिशेब वेगळे आहेत. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो आणि दोन मीटर भिंतीची सावली पावणेदोन मीटरच पडते. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर तापते. काळा पाषाण ती ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, त्यामुळे तिच्या पायथ्याशी थंडी कमी लागते. उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतीला त्या दिवसांत थेट ऊन मिळतच नाही. तिथे नेचे आणि पानांचे बिगोनिया फाल्गुनापर्यंत तग धरतात, फक्त पाणी द्यावे लागते.

थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे उंचावरच्या लोहगावपेक्षा खोलगट पाषाण-शिवाजीनगरात पारा कितीतरी खाली असतो, त्याचे हे एक कारण. वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या वर्षी दव गोठते तेही असेच. उताराला आडवी सलग भिंत घातली की तिच्या वरच्या अंगाला ही हवा साचते. महाबळेश्वर-पाचगणीत नाजूक झाडे असतील, तर भिंतीत पायऱ्यांसाठी मोकळी वाट ठेवावी, म्हणजे थंडी तिथून निघून जाते. इंग्लंडमध्ये हा नियम गोठणाऱ्या दवासाठी काटेकोर पाळतात. आणखी थंड प्रदेशांत दुसरेही संकट असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि भिंतीमागची ओली माती गोठून भिंत ढकलते. न्यू जर्सी किंवा मिनेसोटात उतारावर घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी खडीचा थर आणि पायाची खोली यांत कसर करू नये. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पायाच्या तळापासून चार फुटांपेक्षा उंच भिंतीला परवाना लागतो.

आता सह्याद्रीची झाडे. या विषयातला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच.

भूर्जाच्या तोडीचे झाड आपल्याकडे आहे. ते म्हणजे कांडोळ. खडकाळ उतारावर वाढणारे, कागदासारखे पापुद्रे सुटणाऱ्या पांढुरक्या सालीचे हे झाड हिवाळ्यात निष्पर्ण होते. संध्याकाळच्या उन्हात ते दुरूनही उठून दिसते, म्हणून इंग्रजीत त्याला भुताचे झाड म्हणतात. काळ्या पाषाणाच्या भिंतीमागे एक कांडोळ लावावा. दुसऱ्या कशाची गरज लागत नाही. याच्या फळांवर खाजऱ्या काटेरी लव असते, तेव्हा तो वाटेपासून दूर, वरच्या टप्प्यावर ठेवावा. सालीसाठीच लावावीत अशी आणखी झाडे आहेत : गुळगुळीत फिकट खोडाचा नाणा, पापुद्रे सुटणारी सालई, मोठ्या जागेत अर्जुन. पांढऱ्या चाफ्याचा उघडा सांगाडा तर आपण देवळाच्या आवारात कायम पाहतो, पण भिंतीच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम लावलेला क्वचितच दिसतो.

झुडपांत पहिला मान धायटीचा. ती आपोआप दरडींवर उगवते, मुळांनी माती घट्ट धरते, छाटली की पुन्हा फुटते, आणि थंडीच्या उत्तरार्धात तिच्या लांब लवचिक फांद्या शेंदरी-लाल फुलांनी भरून जातात. शिंजिर तिच्यावर दिवसभर असतात. आसवे-अरिष्टे आंबवायला वैद्य जी धायटीची फुले वापरतात ती हीच. भिंतीच्या माथ्यावरून खाली झुकणारी धायटी इतकी शोभते, की तिला रानटी म्हणून उपटून तिथे ड्युरांटाचे कुंपण लावणाऱ्यांचा मला खेद वाटतो. कोरांटी दिवाळीपासून पुढे फुलत राहते. माघ-फाल्गुनात डोंगरकपारीतला गणेर पान नसताना पिवळीधमक मोठी फुले काढतो. दुष्काळी, खडकाळ टप्प्यासाठी तो योग्य आहे.

परदेशी झाडांना माझा सरसकट विरोध नाही. ब्राझीलची एक वेल आपल्याकडे इतकी रुळली, की मराठीने तिला संक्रांतवेल हे नावच दिले. ऐन संक्रांतीला ती नारिंगी फुलांच्या झुबक्यांनी भिंत झाकून टाकते. दगडाच्या फटीत पानफुटी लावली तर थंडीत तिच्या उंच दांड्यांवर कागदी घंटांसारखी फुले खाली लोंबतात आणि हेलेबोरचा तो डोळ्यांसमोरचा खेळ इथेही साधतो. भाद्रपद-आश्विनात पेरलेले नॅस्टर्शियम, फ्लॉक्स, पिटुनिया भिंतीच्या कडेवरून पुढे ओघळतात. दिवस लहान झाले की शेवंती येतेच. पण हंगामी फुले ही वरकड. त्यांच्यावर बागेची सगळी मदार ठेवली, की फेब्रुवारी संपताच हाती मोकळे वाफे राहतात.

गवतावरून मात्र खरा वाद आहे. नेदरलँडचे पीट उडॉल्फ यांच्यामुळे गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाळलेली गवते आणि बीजबोंडे हिवाळाभर न कापता उभी ठेवण्याची पद्धत जगभर गेली. आपला पवना, कुसळी, वाळा डिसेंबरच्या तिरप्या उन्हात सोन्यासारखे दिसतात, यात शंका नाही. वाळ्याची मुळे सरळ तीन-तीन मीटर खाली जातात आणि उतार धरून ठेवायला त्याच्यासारखे गवत नाही. जागतिक बँकेने १९८० च्या दशकात मृद्संधारणासाठी याच भारतीय गवताचा पुरस्कार केला. पण तिकडचा हिवाळा ओला असतो आणि आपला कोरडा. जानेवारीनंतर सह्याद्रीत वणवे सुरू होतात, आणि घराला लागून असलेले वाळके गवत म्हणजे वणव्याला दिलेले आमंत्रण. माझ्या मते गवत संक्रांतीपर्यंत उभे ठेवावे, मग घराजवळचे आणि हद्दीवरचे कापून झाडांच्या बुंध्यांशी आच्छादन म्हणून पसरावे, तेही घरापासून लांब. दगडी भिंत आगीला आडवी येते, म्हणून गवताचा टप्पा भिंतीच्या पलीकडे, बाहेरच्या अंगाला ठेवणे शहाणपणाचे.

भिंत आणि झाड यांच्या नात्यातली आणखी एक बाब बहुतेक जण विसरतात. भिंतीमागे खडी असल्यामुळे माथ्याची पट्टी सर्वांत आधी कोरडी होते, आणि वीप होलमधून पाझरणाऱ्या पाण्यामुळे पायथा कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत ओला राहतो. माथ्याला धायटी, कोरांटी, पानफुटी. पायथ्याला कर्दळ, सोनटक्का, अळू, नेचे. ही वाटणी पाळली तर हिवाळ्यातले निम्मे पाणी वाचते. वड, पिंपळ, उंबर यांना भिंतीजवळ थारा देऊ नये. पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेली त्यांची रोपे बोटभर असतानाच काढावीत. मनगटाएवढी झाली की दगड हलवल्याशिवाय ती निघत नाहीत.

कायद्याबद्दल दोन शब्द. १:५ किंवा त्याहून तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला राज्याच्या नियमावलीत मनाई आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे डोंगर कापणे, झाड तोडणे यांना परवानगी लागते. या अटी मला जाचक वाटत नाहीत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसाखाली कापलेला डोंगर पुन्हा सावरत नाही, आणि खालच्या गावांना त्याची किंमत मोजावी लागते. जिथे कल सौम्य आहे तिथे भिंतच नको, नुसते वाळ्याचे आडवे पट्टे आणि धायटी पुरते, असेही अनेकदा आढळेल. अशा वेळी भिंतीचा मोह आवरावा.

कामाचा क्रम असा लावावा : पाया खणणे आणि रचाई पौषापासून वैशाखापर्यंत, कारण तेव्हा जमीन कोरडी असते; सांध्यांतली झाडे रचाईबरोबरच, आणि त्यांना पावसापर्यंत पाणी; कांडोळ, नाणा, धायटी पहिल्या दमदार पावसानंतर; हंगामी बी भाद्रपदात. पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला वीप होलमधून पाणी येते की नाही ते पाहावे. जोराच्या पावसातही भोक कोरडे राहिले तर पाणी मागे अडले आहे, असे समजून ताबडतोब मोकळे करावे.

राहता राहिली रोपांची गोष्ट. बहुतेक खाजगी रोपवाटिकांत कांडोळ आणि धायटी मिळत नाहीत, कारण गिऱ्हाईक ती मागत नाही. या हिवाळ्यात रोपवाटिकेत जाल तेव्हा ती नावे घेऊन मागा, नाहीत म्हटले तर पुढच्या जूनसाठी नोंदवून ठेवा, आणि वनखात्याच्या रोपवाटिकेतही चौकशी करा.